चिमणाबाई गुळवीण

कळंब्याच्या तळ्याखालच्या शिवारात हंबीररावाचं गुऱ्हाळ होतं आणि त्या गुऱ्हाळाचा गुळव्या होता पिराजी. शाहू महाराज गादीवर येऊन चौदा-पंधरा वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. गुळव्या म्हणजे काय असामी, ते ज्यानं गुऱ्हाळ बघितलं नाही त्याला काय कळणार! ऊस मालकाचा, बैल मालकाचे, काहील मालकाची. पण रस आटून काहिलीत फुगायला लागला की मालकानंसुद्धा तोंड मिटून बाजूला उभं राहायचं. पिराजी काठीनं जरासा पाक उचलायचा, गार पाण्यात सोडायचा आणि उजव्या हाताच्या बोटांत त्याची गोळी वळायचा. बोटाला हवी तशी लागली की म्हणायचा, "उतरा!" काहील जरा आधी उतरली तर गूळ बसत नाही, जरा उशिरा उतरली तर करपतो. पिराजीचं कधी चुकलं नव्हतं, आणि त्याचा त्याला ताठाही मस्त होता.

माघात त्याचा उजवा हात उसाच्या चरकात गेला. ऊस घालणारा गडी तापानं पडला होता, म्हणून हा बसला. कुणी सांगितलं होतं? पण नाही, ह्याला सगळं येतंय ना! चरक नवा, लोखंडी. उसाबरोबर हात आत ओढला गेला आणि पिराजी जिवाच्या आकांतानं ओरडला. तिथंच घात झाला. त्या बैलांना सवय होती, मागनं आरडलं की चाल वाढवायची. हा जेवढा मोठ्यानं ओरडला, तेवढे बैल जोरात निघाले. हाकणाऱ्यानं कासरा ओढेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं.

सरकारी दवाखान्यात अंगठ्याशेजारची दोन बोटं काढली. उरली दोन आणि अंगठा, तीही खुंट्यासारखी ताठ.

घरी आणलं तर गडी भिंतीकडं तोंड करून पडला तो पडलाच. हंबीरराव बघायला आला. माणूस वाईट नव्हता, पण एककल्ली.

"पिराजी, दिवाळीपतोर तुझी वाट बघतो. फुडल्या हंगामाची पयली काहील तू उतरायचीस. साधलं तर गुळव्या तूच. पर उजव्या हातानं, बघ. डाव्या हातानं वळून काढल्याला गूळ माझ्या घरात देवाम्होरं कुनी ठेवनार न्हाय. न्हाय साधलं तर मला दुसरा गुळव्या बघाय पायजे."

त्याची बायको चिमणाबाई दारात उभी होती. बुटकी, काळीसावळी, आणि आवाज असा की तळ्यापलीकडचं माणूस वळून बघेल. मालक गेल्यावर ती नवऱ्याच्या उशाशी गेली.

"ऐकलंसा न्हवं? मग उठा की!"

शहरात मंगळवार पेठेत बादशहा नावाचा हाडवैद्य होता. चिमणाबाईनं नवऱ्याला जवळजवळ ओढतच त्याच्याकडं नेलं. बादशहानं हात उलटासुलटा करून बघितला, तेल लावून शेकायला सांगितलं. मग नवऱ्याला बाहेर बसवून तिला म्हणाला, "बाई, जखम भरली. आता बोटांस्नी काम पायजे. तू दया दावलीस तर ही बोटं गेली म्हनून समज."

तिनं ते शब्द पदरात बांधले. दुसऱ्या दिवसापासून ताट समोर ठेवायची आणि हात बांधून बसायची. भाकरी त्यानं उजव्या हातानं मोडायची, नाहीतर उपाशी. सूपभर जोंधळ्यात खडे मिसळून द्यायची आणि एकेक वेचायला लावायची. पीठ मळायला लावायची. शेजारच्या धोंडुबाईला ते बघवेना.

"चिमणे, नवरा हाय का दावनीचा बैल?"

"नवरा हाय म्हनून तर!"

एकदा त्यानं सूप भिरकावून दिलं. जोंधळे सगळ्या सोप्यात उधळले.

"हात माझा गेलाय, तुझा न्हाय! तुला काय कळतंय?"

"माझा जायाला पायजे हुता. मी अशी भिताडाकडं तोंड करून पडले नसते!"

बोलून गेली, आणि मग गोठ्यात जाऊन म्हशीच्या आड ढसाढसा रडली. तिला हे असलं बोलायची हौस होती का? पण ज्या माणसाला सगळं शिवार 'गुळव्या' म्हणून हाक मारतं, त्याला 'थोटा' म्हणून हाक मारलेली तिला जित्यापणी ऐकायची नव्हती. डोळे पुसून ती परत आली आणि दोघांनी मिळून जोंधळे गोळा केले. त्यानं उजव्या हातानं.

श्रावणात बोटं वाकायला लागली. पण नुसती वाकून काय उपयोग? गोळी कच्ची की झालेली ते बोटांना कळायला पाहिजे. तेव्हा रस कुठला! चिमणाबाईनं जुन्या गुळाचं ढेकूळ पाण्यात विरघळवलं, कढईत उकळलं आणि रोज संध्याकाळी चुलीपुढं दोघं समोरासमोर बसू लागली. एक गोळी तो वळायचा, एक ती वळायची. तेच ढेकूळ वितळून वितळून काळंठिक्कर पडलं.

"कळतंय का?"

"न्हाय."

दुसऱ्या दिवशी, "कळतंय का?"

"न्हाय म्हनलं न्हवं!"

गौरी-गणपती झाले आणि एक दिवस तो म्हणाला, "कच्चं हाय." खरंच कच्चं होतं. मग रोजच बरोबर यायला लागलं. कच्चं म्हणाला की कच्चं, झालं म्हणाला की झालं. चिमणाबाईनं जोतिबाला नारळ बोलला आणि गावभर सांगत सुटली, "आमच्या धन्याचा हात आला!" पिराजी मात्र कुणाशी काही बोलायचा नाही. तिला वाटलं, आनंदानं मुका झालाय.

दिवाळी सरली. काहिलीखालचं चुलवाण पेटलं. घरात बसून तिचा जीव राहिला असता का? हंबीररावाच्या पाया पडून तिनं चुलवाणात जळणाची चिपाडं घालायचं काम मागून घेतलं. चुलवाणाचं तोंड काहिलीच्या पार पलीकडच्या अंगाला, खाली खड्ड्यात. तिथं धूर असा की डोळे उघडता येईनात. पण नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता, तेवढं पुरे होतं.

रस आटत आला. शिवारातली माणसं गोळा झाली होती. कुणी आशेनं, कुणी गंमत बघायला. हंबीरराव कमरेवर हात ठेवून उभा. पिराजीनं पाक उचलला, पाण्यात सोडला आणि त्या दोन बोटांत नि अंगठ्यात गोळी वळायला लागला. वळतोय, वळतोय. एरवी एवढा वेळ लागायचा नाही. चिमणाबाईनं डोळे चोळत खड्ड्यातून टाचा उंच करून बघितलं. तो गोळीकडं बघतच नव्हता. मान इकडंतिकडं वळवून माणसांत काहीतरी शोधत होता.

"पिराज्या, सांग की लेका!" हंबीरराव ओरडला.

"उतरा!"

गडी बांबू घेऊन पुढं झाले. चिमणाबाईच्या नाकात वास शिरला. रोज संध्याकाळी तीन महिने हुंगलेला वास. झालेल्या गुळाचा नव्हता तो, अजून कच्च्या रसाचा होता. बोलावं तर नवऱ्याची चारचौघांत अब्रू जाणार. न बोलावं तर काहीलभर गूळ जाणार, आणि त्याच्याबरोबर नवराही. पण तोंड काही ऐकेना.

"थांबा! हात लावू नगासा!"

गडी बांबू धरून तिथंच थांबले. ती खड्ड्यातून वर आली, तोंड काजळीनं काळं. आता हा मला इथंच लाथ घालणार, असं तिला वाटलं. पिराजीनं तिच्याकडं बघितलं आणि बोटांतली गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

"बघ."

तिनं दाबली. "कच्ची हाय."

"बायका गूळ उतरवाय लागल्या व्हय आता?" हंबीरराव कडाडला.

"मालक, थांबायचं म्हनलं म्हंजे थांबायचं," पिराजी म्हणाला. आवाज जुन्या पिराजीचा. "गुळव्या अजून मी हाय."

दोन कढ आले. त्यानं दुसरी गोळी वळली आणि न विचारता तिच्या हातात दिली. तिनं मान हलवली. "उतरा!" तो म्हणाला. काहील उतरली. पाक गार करायच्या वाफ्यात ओतला, घोटला आणि गूळ असा बसला, पिवळाधमक, की हंबीररावानं खडा मोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिला. बाकीचे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"उद्या या," शेवटी तो म्हणाला. "दोघंबी."

वाटेत चिमणाबाई रडकुंडीला आली होती. "घरात तर रोज कळत हुतं की वो. आजच कसं कळलं न्हाय? मानसं बघून भ्यालासा का?"

पिराजी थोडं चालला आणि मग थांबला.

"चिमणे, मला एक दीसबी कळल्यालं न्हाय. ह्या बोटांत जीवच न्हाय गं. जळता निखारा धरला तरी कळनार न्हाय."

"मग रोज बरुबर सांगत हुतासा त्ये?"

"तू गोळी दाबायचीस. कच्ची असली की तुझ्या कपाळाला आठी पडायची. झाली की सुटायची. म्या तुझ्या तोंडाकडं बघून सांगत हुतो. तू एवढी राबत हुतीस, 'न्हाय' म्हनायचं तरी कसं?"

ती मटकन बांधावर बसली. गौरी-गणपतीपासून ती ज्याला हात आला म्हणत होती, तो हात कधी आलाच नव्हता, आणि हा शहाणा तिच्यासाठी रोज खोटं बोलत होता. तिला हसावं की ह्याला बडवावं ते कळेना. तिनं त्याचा तो उरलेला हात धरला आणि कपाळाला लावून धाय मोकलून रडली.

पिराजीनं तिला रडू दिलं. मग तिच्या गालावरची काजळी धोतराच्या सोग्यानं पुसत म्हणाला,

"उद्या जळान दुसरं कुनीतरी घालंल. तू माझ्या म्होरं उभी ऱ्हा. आज धुरात तू दिसली न्हाईस गं."