आम्ही चेन्नईत ऑपेरा केला

ऑफिसातले किस्से चहा संपेपर्यंत पुरतात. पण हौशी माणसं स्टेजवर काही करायला एकत्र आली की किस्से नुसते साचत जातात, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही. आमचं तर साधं नाटकही नव्हतं. आम्ही चेन्नईत अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन इटालियन ऑपेरा केले! लागोपाठ दोन दिवसांचे दोन्ही प्रयोग पार पडले, कुणाचे हातपाय मोडले नाहीत. सुटलो बुवा एकदाचे, म्हणून आता निवांत सांगतो.

मी मंदार, सांगलीचा. इथे गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी बघतो आणि या मंडळीत कीबोर्ड वाजवतो. आमचा अख्खा ऑर्केस्ट्रा म्हणजे मी एकटाच.

*

आमचा दिग्दर्शक अनिरुद्ध, नागपूरचा, आयटीतला. कंपनीने त्याला काही महिने इटलीला पाठवलं आणि तेव्हापासून तो ऑपेरापायी बिघडला. त्याला सगळं ‘मॉडर्न’ हवं होतं. त्याने पहिल्या ऑपेराच्या गोष्टीतली श्रीमंत म्हाताऱ्याची हवेली काढून टाकली आणि अण्णा नगरातला टू बीएचके आणला. म्हातारा बनियनवर बसून इटालियनमध्ये फिल्टर कॉफी मागतो, मागे दोरीवर कपडे वाळताहेत, असा थाट.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी एग्मोरच्या हॉलवर आम्ही सकाळी सेट लावला आणि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर दोरी गायब! टॉवेल, लुंगी, सगळं नीट घडी करून ऑफिसच्या टेबलावर ठेवलेलं. हॉलचे मॅनेजर अनिरुद्धला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सार, आर्टिस्ट लोकांना सांगा, स्टेजवर कपडे वाळत घालायचे नाहीत. संध्याकाळी इथे फंक्शन आहे."

*

तालीम अण्णा नगरात अनिरुद्धच्याच फ्लॅटवर व्हायची. आठवड्याभरात सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या. खालच्या मजल्यावरचे एक मामा वर आले तेव्हा आम्ही म्हटलं, झालं, आता गाशा गुंडाळा.

मामांनी दारातच विचारलं, "राग कुठला?"

अनिरुद्ध वैतागलेला होता. तो म्हणाला, "सी मेजर."

मामांनी डोळे मिटून थोडं ऐकलं आणि "अरे, हा तर शंकराभरणम!" म्हणत खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांचा मेसेज होता की वरच्या फ्लॅटमधली मुलं भक्तिसंगीत शिकताहेत, कुणी त्रास देऊ नये. त्या वेळी आम्ही जे घोकत होतो त्यात मोलकरीण मालकाला गाढव म्हणते!

*

दोन्ही ऑपेरांतली नायिका जानकी. अड्यारची, तंजावरी मराठी घरातली. तिचं मराठी ऐकलं की आपल्या पणजीची पणजी तमिळ शिकून आल्यासारखं वाटतं. तिचे वडील गोपाळराव कर्नाटक संगीताचे मोठे गुरू. लेकीला त्यांनीच लहानपणापासून मांडीवर बसवून शिकवलं. पण कॉलेजात हिला पाश्चात्त्य गाण्याचं वेड लागलं आणि ठरलेल्या कचेऱ्या, म्हणजे मैफली, सोडून ही तिकडे वळली. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. ही घरात गायला लागली की चपला घालून फिरायला जायचे, बस्स.

तरी जानकी प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवते. ती रिकामीच राहते. मला ती म्हणाली, "नुसतं येऊन बसले तरी पुरे रे. आवडलं नाही म्हणाले तरी चालेल." मला फार वाईट वाटलं. अनिरुद्धने मात्र सुचवलं की खुर्चीवर एखादी पर्स ठेव, म्हणजे फोटोत रिकामी दिसणार नाही. पुढच्या दोन तालमी जानकी त्याच्याशी फक्त इटालियनमध्ये बोलली!

*

पहिल्या ऑपेरात म्हातारा मेल्याचं सोंग घेतो. हे काम शेषाद्री सारांकडे होतं, गणिताचे रिटायर्ड मास्तर, आवाज एकदम खर्जातला. पलंग आडवा मांडला, तर सार झोपायला तयार होईनात. डोकं दक्षिणेला येत होतं आणि त्यांच्याकडे प्रेत तसं ठेवतात. बरं, पलंग फिरवला, तर आमची मराठी मंडळी ओरडली, दक्षिणेकडे पाय करतात का कधी!

शेवटी पूर्व-पश्चिम तोडगा निघाला. त्यामुळे चेन्नईच्या रसिकांना चांगलं पाऊण गाणं फक्त सारांचे तळपाय दिसले.

प्रयोगाआधी समई झाली, प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं. ते ऑपेरापेक्षा लांबलं. मग पाहुणे प्रत्येक कलाकाराला शाल घालत पलंगापाशी पोचले. आधीपासूनच मरून पडलेले सार उठले, वाकून शाल घेतली, नमस्कार केला आणि परत मेले. सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्यालाच पडल्या.

*

दुसरा ऑपेरा सुरू व्हायच्या आधी जानकीने पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला. खुर्चीवर गोपाळराव बसले होते. पांढरी वेष्टी नेसलेली, कपाळाला गंध, चेहरा असा की काही कळायला मार्ग नाही.

तिचं मोठं गाणं आलं. सुरुवात छान झाली, आणि मध्यावर माझ्या कीबोर्डची वीज गेली. स्टेजचे दिवे चालू, माझाच प्लग मेलेला. मी घाबरून मुक्या पट्ट्यांवर बोटं आपटत राहिलो. जानकीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांनी बाप आला आणि पोरगी आता थांबणार.

ती थांबली नाही. डोळे मिटून एकटीच गात राहिली. मी पहिल्या रांगेकडे बघायचं टाळत होतो, पण नजर गेलीच. गोपाळरावांचा उजवा हात मांडीवर ताल धरत होता. गाणं संपेपर्यंत वीज काही आली नाही.

प्रयोग संपल्यावर ते विंगेत आले. जानकी नुसती उभी राहिली, पाया पडायचंही तिला सुचेना. त्यांनी आधी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग लेकीकडे वळले.

"हा वाजवत नव्हता तेव्हां बरं गाइलीस गे," ते म्हणाले. "उद्या ह्याला येऊं नको म्हण."