खडखड की घरघर?

मुंगी चावली, असा फोन आला तेव्हा मेकॅनिकचा उजवा हात कोपरापर्यंत एका वॉशिंग मशीनच्या पोटात होता. खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल धरून त्याने ऐकून घेतलं, "येतो" म्हणाला, तर ज्यांचं मशीन होतं त्या काकूंनी काळजीने विचारलं, "कुठे चावली हो?" आता त्यांना काय कपाळ सांगणार? मुंगी म्हणजे त्याची साडेचार वर्षांची लेक. पाळण्यात असल्यापासून हातपाय एका जागी ठरायचे नाहीत म्हणून घरात मुंगी म्हणायला लागले, आणि नाव असं चिकटलं की बालवाडीत कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघते, दुसरं कोण आलंय म्हणून. आणि चावली होती ती शेजारी बसणाऱ्या मुलाच्या दंडाला, दात उमटेपर्यंत.

पहिल्या वेळी सगळे हसले होते. मुंगीच ती, चावणारच, असं बायकोचा भाऊ म्हणाला आणि मेकॅनिकही हसला. दुसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. ही तिसरी खेप.

बालवाडीच्या बाई काही वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली. ती मुलांची, एवढीशी, त्यामुळे त्याचे गुडघे कानाला लागायचेच काय ते बाकी राहिले. बाई म्हणाल्या, "मला कळतं हो, लहान आहे. पण बाकीचे आईवडील ऐकत नाहीत. आता परत झालं तर तिला मी ठेवून घेऊ शकणार नाही."

घरी ठेवायचं म्हणजे कुणाजवळ? बायको औषधांच्या दुकानात दिवसभर उभी, आणि हा दारोदार मशीनं उघडत फिरणारा. पण खरं दुःख ते नव्हतं. मुंगीला बालवाडी म्हणजे जीव की प्राण. सकाळी पाठीला दप्तर अडकवूनच ती दात घासायची. तिला उद्यापासून जायचं नाही म्हणून सांगायचं कुणी?

"चावायच्या आधी काही बोलते का?" त्याने विचारलं.

"तेच तर. रडत नाही, ओरडत नाही, तक्रार करत नाही. मी विचारते, काय झालं गं? म्हणते, काही झालं नाही. आणि वळून चावते."

मेकॅनिकचा पाय हलायला लागला. तो पाय असा आपोआप हलतो. बायको म्हणते, याला झोपेतच तेवढा ब्रेक लागतो. 'काही झालं नाही' हे वाक्य त्याला ओळखीचं वाटलं, पण कुठलं ते आठवायच्या भानगडीत तो पडला नाही. खुर्चीतून कसाबसा सुटला आणि लेकीला घेऊन निघाला.

वाक्य त्याचंच होतं, दुसऱ्या कुणाचं असणार? मुंगी पडली की हा धावत जायचा, गुडघा झटकायचा, म्हणायचा, काही झालं नाही, काही झालं नाही. खेळणं मोडलं, काही झालं नाही. आई कामाला निघताना ती दाराला बिलगली, काही झालं नाही. म्हणायचा अगदी मायेने. ती गप्प व्हायची, आणि ती गप्प झाली की त्याला वाटायचं, चला, काम फत्ते.

त्या संध्याकाळी त्याने तिला समोर बसवून पाठ करून घेतलं, चावायचं नाही. मुंगीने दहादा म्हणून दाखवलं. मग दूध पिताना तिचा पेला कलंडला, दूध टेबलावरून तिच्या मांडीवर आलं. तिने बाबांकडे बघितलं, दातावर दात दाबले आणि म्हणाली, "काही झालं नाही." डोळे काठोकाठ भरलेले, पण एक थेंब बाहेर नाही.

पोरगी झोपल्यावर बायको म्हणाली, "चावू नको, हे तू सांगितलंस. मग काय करू, हे तिला कोण सांगणार?"

"तूच सांग ना. तुला एवढं कळतं तर."

"मला कळत असतं तर विचारलं असतं का?"

तो उठला आणि न गळणारा नळ घट्ट करून आला.

पुढचे दिवस त्याने फोनकडे बघत काढले. स्क्रू लावताना हात चुकायला लागले. एका घरी तर मशीन जोडून झालं आणि एक नट हातातच राहिला. लाजत सगळं परत उघडलं.

आणि मग ते आजोबा भेटले. मेकॅनिकची कामाची एक रीत होती. झाकण उघडायच्या आधी तो मशीनवर तळहात ठेवायचा आणि विचारायचा, "आवाज कसा येतो? खडखड की घरघर?" भली भली माणसं आधी लाजायची आणि मग तोंडाने घर्रर्र करून दाखवायची. खडखड म्हणजे आत काहीतरी अडकलंय, नाणं नाहीतर पिन. घरघर म्हणजे बेअरिंग दमलंय. धडधड म्हणजे मशीनचे पाय एका पातळीत नाहीत. निम्मं काम त्या उत्तरातच व्हायचं. पण आजोबा म्हणाले, "आवाज? छे, मुळीच नाही. व्हायचा पूर्वी. मी बंद केला." त्यांनी मशीनखाली जुनी गोधडी कोंबली होती, बाजूंनी उशा लावल्या होत्या आणि वर्षभर सुखाने धुणं धुतलं होतं. आत बेअरिंगचा भुगा झाला होता.

मेकॅनिक वैतागला. म्हणाला, "आजोबा, ते बोलत होतं हो तुमच्याशी. तुम्ही त्याचं तोंड दाबलंत. आवाज करणाऱ्या मशीनला मी घाबरत नाही, आवाज येतोय म्हणजे चालू आहे. मला भीती वाटते ती असल्या गप्प..."

आणि तो तिथेच थांबला. आजोबा पुढचं ऐकायला मान वर करून उभे, आणि हा हातातल्या उशीकडे बघतोय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आजोबांना वाटलं, खर्चाचा आकडा सांगायला बिचारा संकोचतोय. त्यांनी त्याला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी मुंगी चपला भिरकावून सोफ्यावर तोंड फुगवून बसली होती. तो जवळ गेला. 'काही झालं नाही' ओठांवर आलं होतं, ते गिळलं. तिच्या पोटावर तळहात ठेवला आणि अगदी गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "आवाज कसा येतोय? खडखड की घरघर?"

मुंगीने डोळे बारीक केले. बाबांचं डोकं फिरलंय का, हे आधी बघून घेतलं. मग म्हणाली, "खडखड."

"म्हणजे आत काहीतरी अडकलंय. काय आहे?"

ती बराच वेळ शोधत होती, खरंच आत हात घालून चाचपडावं तशी. "निळी खुर्ची," ती म्हणाली. "मी दप्तर ठेवते तरी तो घेतो. रोज घेतो." आणि रडायला लागली. मेकॅनिकचे हात सवयीने तिचे डोळे पुसायला निघाले होते, ते त्याने मांडीखाली दाबून धरले आणि तिला रडू दिलं. असं बसून राहणं त्याला फार जड गेलं.

"येऊ दे आवाज," तो म्हणाला. "आवाज येतोय म्हणजे चालू आहे. पण खडखड झाली की चावायचं नाही. बाईंना जाऊन सांगायचं."

मग घरात तेच सुरू झालं. भूक लागली की कुरकुर, अंधार झाला की धडधड. बायको दुकानातून आली की चपला काढायच्या आधीच सांगायची, "माझी आज नुसती घरघर आहे, कुणी बोलू नका." मुंगी तिच्या पाठीवर हात ठेवून डॉक्टरसारखी मान हलवायची. एकदा तिने बाबांना विचारलं, "तुझा?"

"माझं काय, माझं मशीन ठणठणीत."

तिने त्याच्या हलणाऱ्या गुडघ्यावर कान टेकवला. "खोटं," म्हणाली आणि खेळायला गेली.

आणि एके दिवशी परत फोन आला. बाई एवढंच म्हणाल्या, "जरा येऊन जा." मेकॅनिकने स्कूटर कशी चालवली ते त्याचं त्याला ठाऊक. संपलं सगळं, एवढंच डोक्यात. बाईंनी त्याला दारातच थांबवलं. त्या ओशाळल्यासारख्या दिसत होत्या.

"सकाळी आली माझ्याकडे. बाई, पोटात खडखड होतेय, म्हणाली. मला वाटलं, शी लागली असेल. बाथरूममध्ये नेऊन बसवलं. परत आली, बाई, खडखड. परत नेलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी कामात होते, पाणी पी म्हटलं. मग गेली आणि चावली."

"कुणाला?" मेकॅनिकने विचारलं.

बाईंनी मागून निळी खुर्ची काढून पुढे ठेवली. प्लॅस्टिकच्या पाठीवर वरचे चार आणि खालचे चार दात स्वच्छ उमटले होते. "मुलाला नाही चावली. तो बसला होता, त्याला उठ म्हणाली, तो उठला, मग खुर्चीला चावली. खुर्चीच्या आईवडिलांची तक्रार यायची नाही." बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "तुम्ही मला सांगायला हवं होतं हो, तुमच्या घरात खडखड कशाला म्हणतात ते. बिचारी तीनदा सांगायला आली."

येताना मुंगी स्कूटरवर पुढे उभी होती, पाठ बाबांच्या छातीला टेकून. सिग्नलला तो थांबला. ती वळून म्हणाली, "बाबा, तुझं धडधडतंय."

"काही झा..." म्हणता म्हणता तो थांबला. एवढी साधी गोष्ट, पण जीभ वळेना. "हो," तो शेवटी म्हणाला. "खूप धडधडतंय. तुला आता बालवाडीत घेणार नाहीत असं वाटलं. घाबरलो होतो मी."

मुंगीने हँडलवरचा हात काढून त्याच्या छातीवर ठेवला, पूर्ण तळहात, आणि नीट ऐकलं.

"येऊ दे," ती म्हणाली. "आवाज येतोय म्हणजे चालू आहे."

सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवू देत.