बावीस पाट्या

सकाळी सहा चाळीसला लिलाबाई जिन्याच्या तोंडाशी सातवी पाटी पुसत होत्या. धुळ्याच्या आग्रा रोडवरची ही खुशाल बिल्डिंग १९३८ सालची. कापसाच्या एका व्यापाऱ्याने बांधलेली, दुमजली, सागवानी जिन्याची. भिंतीवर भाडेकरूंच्या बावीस पाट्या: वकील, टायपिंग क्लास, सुताचे दलाल, बियाण्यांची एजन्सी. आधी पाट्या, मग झाडू, हा शिरस्ता त्यांच्याआधी इथली झाडलोट करणाऱ्या सासू धुरपदाबाईंनी घालून दिलेला. लिलाबाईंनी तो एकतीस वर्षं पाळला.

भाडेकरू एकेक करून देवपूरकडच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये गेले. पाट्या कुणी नेल्या नाहीत. आता जिना चढतात ते फक्त जीवराम आप्पा. दातांच्या कवळ्या बनवतात, वय चौऱ्याहत्तर. लिलाबाईंचा मुलगा राजदीप पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. बाकीचे सहा दिवस त्यांच्याशी बोलणारे आप्पाच.

"लिलाबाई, एक कवळी करी देऊ का? फुकट."

"दात लईसन काय करू, आप्पा? हासू कोनाजोडे?"

हे ठरलेलं.

आज मात्र आप्पा एका म्हाताऱ्याला कवळी बसवायला सकाळच्या एसटीने पारोळ्याला गेले होते. दहा वाजता ललित आला. इमारतीचे मालक सुरतला असतात. पाहणीसाठी त्यांनी त्याला पाठवलं होतं. इमारत रिकामी असली, तर सोमवारी फाटकाला कुलूप. एकही भाडेकरू असला, तर नाही.

त्याने वरच्या खोल्या पाहिल्या. सगळ्या बंद, आप्पांचीही. मग पाट्यांचे फोटो काढले.

"यातलं कोण येतं?"

"आप्पा येतात. जीवराम आप्पा."

"त्यांची पाटी कुठली?"

लिलाबाईंनी खांद्याच्या उंचीवरच्या पाटीवर बोट ठेवलं. तिच्यावर काहीच नव्हतं. सगळ्यांत हाताजवळची ती. ओलं फडकं पहिल्यांदा तिथेच फिरायचं. अक्षरं कधी गेली ते त्यांना कळलंच नव्हतं. वाचता येत नसल्याने लिलाबाई पाट्या जागेवरून ओळखत.

"ही तर कोरी आहे, मावशी," ललित म्हणाला आणि त्याने कागदावर 'रिकामी' लिहिलं.

चार वाजता आप्पा परतले. लिलाबाईंनी त्यांना ललितचं सगळं सांगितलं आणि कोरी पाटी दाखवली.

"मी जित्ता शे अजून, लिलाबाई. तू माले पुशीच टाकं."

आप्पांनी मालकांकडून नंबर घेऊन ललितला फोन लावला. तो म्हणाला, उद्या दहाला मोजमापाला येतोच आहे. पाटीवर नाव दिसलं पाहिजे, फोटो लागतो.

रंगारी शोधायला वेळ नव्हता. आप्पांनी वरून कवळीच्या हिरड्यांचं गुलाबी मिश्रण आणलं आणि बारीक ब्रशने नाव लिहिलं. लिलाबाई पाटी धरून उभ्या होत्या.

उद्या सहा चाळीसला एकवीस पाट्या ओल्या फडक्याने पुसल्या जातील, एक कोरड्याने.