फ्लॉपी ड्राइव्हमधला अक्षतेचा दाणा

मंडळी, चालला! ऐंशीच्या दशकातल्या आमच्या घरच्या कॉम्प्युटरने आज पुन्हा फ्लॉपी वाचली!

तेव्हा एका दसऱ्यानंतर त्याचा ड्राइव्ह बंद पडला आणि बाबांनी ठपका माझ्यावर ठेवला. तो आजपर्यंत होता.

आज नागपूरच्या घरी मी ड्राइव्ह उघडला. आतलं हेड सरकतच नव्हतं, कारण खाली कुंकू लागलेला तांदळाचा दाणा अडकला होता!

आईला दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "मीच टाकल्या अक्षता. दसऱ्याची पूजा करून राहिली होती, त्याचं तोंड उघडं दिसलं. त्याले उपाशी काहून ठेवू?"

दाणा काढला, फ्लॉपी घातली. ड्राइव्ह घरघरला आणि पडद्यावर बाबांनी लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्राम आला!

बाबा बघतच राहिले. मग मला म्हणाले, "बरं गा. पण आता तू हात लावू नको."

तुमच्यावर घरात कोणता खटला अजून चालू आहे?