कादंबरीतला काकांचा खून

एका जपानी रहस्यकथालेखिकेचं आयुष्य वाचलं आणि मला चैन पडेना. बाई वर्षानुवर्षं कचेरीत नोकरी करत होत्या, सुटीत कादंबऱ्यांतून माणसं मारत होत्या, आणि मोठं बक्षीस मिळेपर्यंत शेजाऱ्यांना पत्ताही नव्हता. आमच्या येळ्ळुरात शिंकलं तरी वेशीपर्यंत ऐकू जातं. तरी बेळगावची नोकरी सांभाळून मीही लिहायला बसलो. नावं बदलली, गाव बदललं, आणि पहिलं प्रकरण फक्त आक्काला दाखवलं.

दुसऱ्याच पानावर ती थांबली. "बांध कोरला म्हणून काकाला मारलास व्हय?"

खुनी कोण, हे मी अजून ठरवलंही नव्हतं.

सकाळी बसथांब्यावर काका माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"मारणारा कोण, ते तरी सांग रं," ते म्हणाले. "घरातलाच हाय न्हवं?"