बाकाच्या मधोमध

आमच्या वाशिमच्या कोर्टात घरगुती हिंसाचाराच्या केसेस चालतात, त्या दालनाच्या दाराशी पुकारा करणारी शिपाई बाई मी वकिली सुरू केल्यापासून पाहते आहे. सगळे तिला मावशी म्हणतात. नवऱ्याचं नाव ती असं ठणकावते की खाली चहाच्या टपरीपर्यंत जावं. बायकोचं नाव मात्र जवळ जाऊन, ताई लावून, हळूच घेते. "तिचं नाव गावभर कायले करू?" म्हणते.

दाराशी तिचं स्टूल आहे, पण त्यावर बसलेली ती मला कधी दिसली नाही. ती बसते पक्षकारांच्या बाकावर, तेही वेळ पाहून.

परवा त्या बाकावर माझी मेडशी गावची पक्षकार होती. नवरा सरकत सरकत तिच्या कानाशी आला. "केस मांगं घे, नाही तं पोरीचं तोंड पाहू देनार नाही तुले." मी उठणार, तोच मावशी आली आणि दोघांच्या मधल्या वीतभर जागेत धपकन बसली.

"सरक ना भाऊ. माहे गुडघे लय दुखून राह्यले."

"तो बाक रिकामा हाये ना, मावशी."

"मंग तू जाय ना तिकडे."

तो गेला. मावशीनं पिशवीतून तुरीच्या शेंगा काढल्या आणि मूठभर माझ्या पक्षकाराच्या ओंजळीत टाकल्या. पुकारा होईपर्यंत दोघी दाणे खात बसल्या.

आत गेल्यावर माझी पक्षकार न्यायाधीशांना म्हणाली, "साहेब, मले केस चालवायची हाये."

बाहेर येऊन पाहते तर मावशी फाईल घेऊन वरच्या मजल्यावर निघाली होती. एकेका ढांगेत दोन-दोन पायऱ्या.