तीन मुळांची दाढ

बायकोची दाढ काढायला आम्ही भोरला गेलो होतो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. त्यात काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

दातांची डॉक्टरीण वयानं लहान, पण हाताला नेट. तरी तिला घाम फुटला. दाढ निघाली तशी चिमट्यात धरून दाखवली. वर डोकं एक, खाली तीन मुळं, लई फाकलेली.

“बघा आजी, म्हणून सोडत नव्हती.”

“ह्यांच्या घरचं पाणी प्यालीया,” बायको म्हणाली. “धरलं की सोडायचं न्हाई.”

डॉक्टरणीनं कापूस दाबला, दाढ पुडीत बांधून दिली. तासभर तोंड उघडायचं नाही, म्हणाली.

“तासभरच? चार दिसाचं सांगा की,” मी म्हणालो. बायकोनं दंडाला चिमटा काढला.

परतताना यष्टीत ती खिडकीला बसली. भाटघर मागं पडलं, धरणाच्या पाण्याकडेची वळणं लागली, आन तिनं मला कोपरानं ढोसलं. पुडीतली दाढ दाखवली, मग बाहेर बोट केलं. परत दाढ, परत बाहेर. डोळे हसत होते. दाढेसारखंच काहीतरी दिसलं होतं तिला. मी वाकून बघेस्तोवर गाडी वळली.

“काय गं?”

तिनं हातानंच खुणावलं, घरी सांगते.

घरी तिनं कापूस टाकला, गार दूध प्याली. “जरा पडते, मग सांगते.” पडली ती उठलीच न्हाई. काळीज बंद पडलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी तिला नदीकाठी अग्नी दिला. त्याच्या पुढच्या सकाळी मी वहाणा घातल्या. धाकटा भाऊ आडवा आला.

“दादा, सुतकात घर सोडत्यात व्हय?”

“मग तू सांग, तिनं काय दावलं हुतं.”

तो बाजूला झाला.

भोरला जाऊन परतीची गाडी धरली, तिच्याच बाजूची खिडकी धरली. भाटघर गेलं. डोंगरावरनं ओहळ उतरून एकात एक मिसळलेले. सावरीचं वाळकं झाड, फांद्या फाकलेल्या. धरणाचं पाणीसुद्धा फाटे फुटून डोंगरांत शिरलेलं. एका गोठ्याला बेचक्याचा टेकू. जिकडंतिकडं दाढाच. पण हसू यावं असं त्यात एकबी न्हवतं.

गाडी आमच्या गावात, शेवटच्या थांब्याला थांबली.

“बाबा, उतरा,” कंडक्टर म्हणाला. “हितनं गाडी माघारी भोरला जाती.”

“मग भोरचं तिकीट दे,” मी म्हणालो. “येताना परत बघतो.”